मालक बदलला की स्थानिक वाहिनीच्या बातम्यांची वेळ का बदलते?

आपण विचारले आहे की, आपल्या गावातील केबलवरची स्थानिक वाहिनी एका मोठ्या गटाने घेतल्यानंतर रात्री साडेआठच्या बातम्या संध्याकाळी साडेसहाला का गेल्या, आणि त्याविरुद्ध कुठे दाद मागता येते. सांगलीतील अशाच एका वाहिनीत मी वृत्तसंपादक होतो आणि मालकी बदलल्यावर आमच्या साडेआठचेही साडेसहाच झाले होते.

कारण साधे आहे. गटाकडे चार-पाच गावांच्या वाहिन्या असतात आणि स्टुडिओ एकच असतो. एकच निवेदिका, एकच संकलक, एकच पार्श्वपट. मग गावांची बातमीपत्रे ओळीने ध्वनिचित्रमुद्रित होतात आणि ज्याच्या वाट्याला जी वेळ येईल ती त्याची. कर्मचाऱ्यांची पाळी सात वाजता संपवायची असेल तर साडेआठला बातम्या देणार कोण? रात्रीचा मोकळा झालेला वेळ चित्रपटाला, भक्तिसंगीताला किंवा घसघशीत पैसे देणाऱ्या प्रायोजित कार्यक्रमाला जातो. वेळ बदलण्यामागे प्रेक्षकांचा अभ्यास वगैरे असतो, असे आपल्याला कोणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

उपग्रह वाहिन्यांच्या बाबतीत हे जाणवत नाही. वृत्तवाहिनीत तेव्हा परदेशी भांडवल २६ टक्क्यांपुरतेच चालत असल्याने ‘स्टार माझा’मध्ये स्टारचा वाटा तेवढाच होता आणि बाकीचा आनंदबझार पत्रिका म्हणजे एबीपी गटाचा, दोघे वेगळे झाले आणि जून २०१२ मध्ये तिची ‘एबीपी माझा’ झाली. प्रेक्षकाला बोधचिन्ह बदललेले दिसले, बातम्या मात्र चोवीस तास होत्याच. दिवसाला एकच बातमीपत्र असणाऱ्या वाहिनीची वेळ हीच तिची सगळी इस्टेट असते. ती कोणी हलवली म्हणजे वाहिनीच हलवली, असे माझे मत आहे.

आमचे साडेआठ कोणी पंचांग पाहून काढलेले नव्हते. सातला सह्याद्रीच्या बातम्या घराघरांत लागत, त्यांच्याशी टक्कर नको होती. गणपती पेठेतील दुकाने आठनंतर आवरायला लागत आणि आमचे निम्म्याहून अधिक जाहिरातदार त्याच पेठेतले. भारनियमनाच्या वर्षांत तर प्रत्येक भागाच्या वीज जाण्याच्या वेळा आम्हाला तोंडपाठ होत्या. ज्या भागात साडेआठला अंधार असे त्याच्यासाठी रात्री साडेदहाचे आणि सकाळी आठचे पुनःप्रक्षेपण होते. बातमीपत्र थेट वाचले जाई. निवेदिकेच्या डाव्या हाताला एक रिकामी फाइल ठेवलेली असे आणि वाचन चालू असताना आलेली बातमी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेरून हात लांब करून, त्या फाइलवर सरकवायची, अशी आमची पद्धत होती. उद्या पाणी कोणत्या प्रभागात येणार नाही, अंत्ययात्रा किती वाजता निघणार, मार्केट यार्डात हळदीला काय दर निघाला, यांतले बरेच काही त्या चिठ्ठ्यांवरच आले. पावसाळ्यात मात्र चिठ्ठीवर एकच आकडा असे, तो म्हणजे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे सांगलीतील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर भागातील लोक त्या आकड्यावर सामान माळ्यावर टाकायचे की नातेवाइकांकडे निघायचे, ते ठरवतात.

नवे मालक आल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यातील गोष्ट. धरण क्षेत्रात पाऊस लागून राहिला होता, कोयनेतून विसर्ग सुरू झाला होता आणि पाणी तासातासाला चढत होते. आमचे बातमीपत्र पाच वाजता मुद्रित होऊन दुसऱ्या शहरातील मुख्य कार्यालयात गेलेले होते आणि त्यात दुपारची पातळी होती. सहाच्या सुमारास पुलावर उभ्या असलेल्या वार्ताहराचा फोन आला की, आकडा बराच पुढे गेला आहे. साडेसहाला निवेदिकेने शांतपणे दुपारचाच आकडा वाचला. निदान पडद्याखालच्या पट्टीवर नवा आकडा फिरवावा म्हणून मी मुख्य कार्यालयाला फोन लावला, तर पट्टी त्या आठवड्यापुरती एका शिकवणी वर्गाला विकलेली असल्याचे कळले. मी आवाज चढवल्यावर पलीकडच्या मुलाने विचारले, ‘सर, हे आयर्विन कुठल्या नदीवर येतं?’ त्याचा राग मला आला नाही, कारण तो तिथे सहा गावांच्या पट्ट्या एकटा सांभाळत होता. राग आला तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा व्यवस्थापक म्हणाले की, लोक हल्ली सगळे मोबाइलवर पाहतात, त्यांना साडेसहा काय आणि साडेआठ काय.

हा युक्तिवाद मी त्यानंतर अनेकांकडून ऐकला आहे आणि तो मला आजही पटलेला नाही. मोबाइलवर त्या संध्याकाळी तीन वेगवेगळे आकडे फिरत होते आणि त्यांतला एक मागच्या वर्षीचा होता. लोकांनी आम्हाला फोन केले ते नेमका खरा आकडा कोणता, हे विचारण्यासाठी. शिवाय साडेसहा ही पेठेतील गिऱ्हाइकांची ऐन वेळ. तेव्हा आमच्या जाहिरातदारांना स्वतःचीच जाहिरात पाहायला मिळेना. दिवाळीनंतर एका सराफाने करार वाढवला नाही आणि कारण हेच सांगितले. व्यवस्थापकांनी मात्र ते मंदीच्या नावावर मांडले.

मुळात हे गट आले कुठून, तेही सांगायला हवे. पूर्वी गावातील केबलचालकांची स्वतःची नियंत्रण कक्षाची खोली असे आणि स्थानिक वाहिनी तिच्याच एका कोपऱ्यात चाले. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती होऊन सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले. मोठ्या शहरांनंतर उरलेल्या शहरी भागासाठी ३१ डिसेंबर २०१५ ही मुदत होती. वाहिन्यांचे सगळे सिग्नल मोठ्या एमएसओच्या, म्हणजे अनेक केबलचालकांना वाहिन्या पुरवणाऱ्या कंपनीच्या, यंत्रणेतून येऊ लागले आणि केबलचालक वसुलीपुरता उरला. वाहिनी दाखवायची तर एमएसओशी व्यवहार करा, नाहीतर वाहिनी त्यालाच विका, अशी ती परिस्थिती होती. नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनंतर अशा वाहिन्यांची नोंदणी करावी लागते, पडद्यावर ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ असे लिहावे लागते, स्थानिक बातम्या देणाऱ्याला कंपनी स्थापन करावी लागते आणि कार्यक्रमांचे ध्वनिचित्रमुद्रण ९० दिवस जपावे लागते. बातम्या किती वाजता द्याव्यात, याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती मजकुराच्या तक्रारी पाहते, वेळेच्या नव्हे. म्हणून दाद मागण्याच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘कुठेही नाही’ असे आहे.

तरी काही करायचेच असेल तर केबलवाल्याशी भांडू नका, त्याच्या हातात काही नाही. वाहिनी बंद करण्याची धमकीही देऊ नका. ती बहुधा फुकटच येत असते, त्यामुळे ती सोडून आपण कोणाचेच नुकसान करत नाही. बातमीपत्राच्या आधी आणि मधे ज्यांच्या जाहिराती लागतात त्या चार-पाच दुकानदारांना भेटा आणि साडेसहाला आपण बातम्या पाहत नाही, हे त्यांना सांगा. मालक प्रेक्षकाचे ऐकत नाही, पण सराफाचे ऐकतो. वेळ पूर्ववत करणे जमत नसेल तर निदान साडेआठचे पुनःप्रक्षेपण आणि पट्टीचा ताबा गावात ठेवण्याची मागणी करा. त्याला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. आमच्या व्यवस्थापकांना मी लेखी दिले होते ते एवढेच दोन मुद्दे.

जुन्या मालकांचे दिवस फार सोन्याचे होते, असा समज मात्र होऊ देऊ नका. त्यांच्याकडे पगार दोन-दोन महिने रखडत आणि ज्या नगरसेवकाचा वाढदिवस असे त्याच्या प्रभागातील तुंबलेली गटारे त्या आठवड्यात बातमीत येत नसत. नव्या मालकांनी पगार वेळेवर दिले आणि कॅमेरेही चांगले आणले. त्या चांगल्या कॅमेऱ्यांनी टिपलेला पूर साडेआठला दाखवायला त्यांचे काय जात होते, हे त्यांच्यापैकी कोणीही मला अजून सांगितलेले नाही.