शहीद, हुतात्मा आणि वीरगळातला 'ळ'

प्रश्न असा: "युद्धात गेलेल्या गावच्या जवानांसाठी आम्ही स्तंभ उभारतोय. त्यावर 'शहीद' कोरायचं की 'हुतात्मा'? आणि देवळामागे एक वीरगळ, म्हणजे पडलेल्या वीराच्या आठवणीचा जुना कोरीव दगड आहे, तो म्हणजे हाच प्रकार ना?"

या दोन शब्दांचा मला सध्या राग आहे. गेल्या २६ जुलैला कारगिल विजय दिनाच्या एका कार्यक्रमात सूत्रसंचालकांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "आता आपल्यातील हुतात्म्यांचा सत्कार!" आणि चार माजी सैनिक, चांगले हिंडतेफिरते, मंचावर चढले. माझ्या शेजारून उठताना एक सुभेदार पुटपुटले, "अजून वेळ आहे, बाबा." नारळ मात्र घेतला.

तर हुतात्मा. 'हत' नव्हे, 'हुत'. हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं. आहुती त्याच धातूतली. सावरकरांच्या भाषाशुद्धीने हा शब्द रुजवला आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी तो दगडात गेला, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबाराला बळी पडलेल्यांसाठी. त्यांच्या हाती बंदूक नव्हती, तिथे शब्द चपखल बसतो. सैनिक शस्त्र घेऊन उभा असतो. त्याला समिधा कशाला करता?

'शहीद' परका म्हणून टाका, असं शुद्धीवाले सांगतात. हेच लोक पुढच्या वाक्यात 'जवान' म्हणतात, तो फारसी आहे हे त्यांच्या गावीही नसतं. खरी अडचण अर्थाची आहे. अरबी 'शहीद'च्या मुळाशी साक्ष आहे, आणि इंग्रजी 'मार्टर' ज्या ग्रीक शब्दातून आला त्याचाही अर्थ साक्षीदारच. श्रद्धेची साक्ष देत मरणारा तो. फेब्रुवारी २०२२ मध्ये खुद्द लष्कराने आपल्या लोकांना कळवलं, की मृत सैनिकांना 'मार्टर' म्हणू नका. आपली वर्तमानपत्रं अजून 'शहीद'वरच आहेत.

'धारातीर्थी पडणे' हा आपला जुना, देखणा प्रयोग. धारा पाण्याची आणि धारा तलवारीची, आणि तीर्थ म्हणजे स्नानाची पवित्र जागा. एका शब्दात आंघोळ आणि मरण! पण भूसुरुंगाच्या स्फोटात गेलेल्या शिपायाबद्दल तो वाचला, की विचारावंसं वाटतं, धार कुठे होती?

असो. वीरगळ! तुमच्या प्रश्नातला खरा ऐवज हा आहे, आणि तुम्ही तो शेवटी टाकलात.

तुमचा दगड नीट पाहा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा आडवा पडलेला वीर असेल. गाई दिसल्या तर गुरं सोडवताना तो पडला असं समजा. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेताहेत, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते असेतोवर कीर्ती राहो. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क जहाजांची लढाई आहे.

आता यातला 'गळ'. गळ्याशी त्याचा काही संबंध नाही. बगाडात नवस फेडणाऱ्याच्या पाठीत टोचायचे, त्या गळाशीही नाही. एका हौशी अभ्यासकांनी तो 'गळणे'वरून काढलाय, आणि पानिपतानंतरच्या पत्रातली म्हणून सांगितली जाणारी 'दोन मोती गळाली' ही ओळ पुरावा म्हणून दिलीय. ओळ हृदयाला भिडते, व्युत्पत्ती भिडत नाही. शब्द कन्नड आहे: वीरगल्लु. कल्लु म्हणजे दगड, समासात 'क'चा 'ग' झाला. वीराचा दगड, संपलं.

संपलं असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मराठीत एकेरी 'ल'चा 'ळ' होतो: फल-फळ, कमल-कमळ. पण जोड 'ल्ल'चा साधा 'ल' उरतो, जसा 'वल्ली'चा 'वेल'. मग 'गल्लु'चं 'गल' व्हायला हवं होतं, हा 'ळ' आला कुठून? माझा संशय दुसऱ्या एका कन्नड शब्दावर आहे: कळ. त्याचे अर्थ दोन, धान्याचं खळं आणि रणांगण. तमिळमध्ये 'कळम्'चंही तेच. जुन्या तमिळ काव्यात रणातली मळणी हे ठरीव रूपक आहे. बैल कणसं तुडवतात तसे हत्ती प्रेतं तुडवतात. आपलं 'खळं' संस्कृत 'खल'वरून आलं म्हणतात, पण तो 'खल' आणि हा 'कळ' एकमेकांचे कोणीच नाहीत, हे मला पटत नाही. तेव्हा दगडाच्या 'गल्'मध्ये रणाचा 'कळ' मिसळला आणि 'वीरगळ' झाला, असं माझं मत. कन्नडमध्ये एकेरी 'कल्' असंही रूप आहे आणि त्यावरून 'गळ' सरळ निघतो, हे एका जाणकारांनी मला दोनदा ऐकवलंय. त्यांचं बरोबर असेलही. पण त्यात खळं नाही, हत्ती नाहीत, मग मजा काय?

हां, तुमचा स्तंभ. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांनी आपल्या गावोगावी पाट्या बसवल्या. त्यावर एवढंच असतं, की १९१४ ते १९१९च्या महायुद्धाला या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याकडच्या अपशिंग्यातल्या ४६ जणांनी असे प्राण दिले. तिथे विशेषण नाही आणि कमीही काही वाटत नाही. तुम्ही 'यांना वीरमरण आले' लिहा, खाली नाव, पलटण आणि साल. आणि वर 'स्मृतिस्तंभ' कोराल त्यातला 'ति' ऱ्हस्व. नुसतं 'स्मृती' दीर्घ, समासात ऱ्हस्व. पाथरवटाला कागदावर लिहून द्या, फोनवर सांगू नका.