आतल्या स्टेचा भार पेलणार कोण?

प्रश्न : मी ऑकलंडला राहतो. माझ्या ३६ फुटी फायबरग्लास शिडाच्या नौकेला पुढे एकच फोरस्टे (डोलकाठीला पुढून ताणून धरणारी तार) असून त्यावर गुंडाळता येणारा जेनोआ (पुढचे मोठे शीड) आहे. येत्या मे महिन्यात टोंगाला जायचे आहे. जोराच्या वाऱ्यासाठी फोरस्टेच्या आत, म्हणजे डोलकाठीच्या बाजूस, दुसरा स्टे बसवावा का? तो डोलकाठीला किती उंचीवर जोडावा?

उत्तर : अवश्य बसवावा. अर्धवट गुंडाळलेल्या जेनोआची पुढची कड जाड होते, शिडाला पोट सुटते आणि नौका वाऱ्याकडे चढण्याऐवजी नुसती कलते. आतल्या स्टेवरचे लहान, सपाट स्टॉर्म जिब (वादळी वाऱ्यातले पुढचे शीड) डोलकाठीच्या जवळ आणि खालच्या बाजूस राहते, त्यामुळे सुकाणूवरचा ताबा टिकतो.

स्टे डोलकाठीच्या दोन-तृतीयांश उंचीवर जोडल्यास काठीचा मधला भाग पुढे ओढला जातो. तो सावरण्यासाठी दोन्ही बाजूंना रनिंग बॅकस्टे (मागून ओढणारे, सोडता-ताणता येणारे दोर) लागतात आणि नौकेची बाजू बदलताना दर वेळी एक सोडून दुसरा ताणावा लागतो. रात्री, थकलेल्या दोन माणसांवर हे काम सोपवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून स्टे माथ्याच्या थोडा खाली जोडावा. तेथे मागचा नेहमीचा बॅकस्टे बहुतांश ताण घेतो. मात्र दोन स्टेंमधली फट अरुंद असल्याने जेनोआ त्यातून सहज पलटत नाही, त्यामुळे हा स्टे काढता येण्याजोगाच हवा. डायनीमा या अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर त्यासाठी हलका आणि सोयीचा ठरतो.

खरी कसोटी डेकवर आहे. हा स्टे डेकला सरळ वर उचलू पाहतो, आणि दोन पातळ थरांमध्ये बाल्सा (हलके लाकूड) किंवा फोम भरलेले डेक, खालून कितीही मोठी पट्टी लावली तरी, एकट्याने तो ताण सोसत नाही. ते फुगते, तडकते, पाणी आत झिरपू लागते आणि स्टे ऐन वाऱ्यात सैल पडतो. नांगराच्या कप्प्यामागचा बल्कहेड (आडवी भिंत) नौकेच्या कायेशी पक्का जोडलेला असेल, तर चेनप्लेट (स्टेचे खालचे टोक अडकवायची धातूची पट्टी) त्यालाच बोल्टने बसवावी. तो नसेल तर डेकखालून स्टेच्याच रेषेत स्टीलचा टायरॉड (ताण घेणारी सळई) नेऊन नाळेच्या, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाच्या, मजबूत भागाशी बांधावा. छिद्राभोवतीचा बाल्सा कोरून तेथे इपॉक्सी भरावे.

स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियमची डोलकाठी यांच्यामध्ये गंजरोधक लेप हवाच. जिबसाठी स्वतंत्र हॅलयार्ड (शीड वर चढवायचा दोर) ठेवावा. भोके पाडण्यापूर्वी डोलकाठीची जाडी जाणकार रिगरकडून (डोलकाठी आणि दोर-तारांच्या कारागिराकडून) तपासून घ्यावी आणि निघण्यापूर्वी हौराकी आखातात २५ नॉटच्या वाऱ्यात जिब चढवून डेक किंचितही उचलले जाते का, हे खाली उतरून पाहावे.