वायरिंगचा दोष आणि बिल्डरची ‘एक वर्षाची हमी’

प्रश्न : चिंचवडमधील आमच्या फ्लॅटचा ताबा मिळून साडेतीन वर्षे झाली. गीझर चालू असताना नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमनने बोर्ड उघडला, तेव्हा अर्थिंगची हिरवी वायर कुठेच न जोडता मागे दुमडून ठेवलेली दिसली. करारातील यादीत एसी पॉइंटला चार एमएमची वायर लिहिलेली असताना प्रत्यक्षात दीड एमएमची निघाली. बिल्डर म्हणतो, इलेक्ट्रिक कामाची हमी एक वर्षाचीच होती आणि एसी तुम्ही लावला. सगळी वायरिंग बदलून खर्च मागता येईल का?

उत्तर : खर्च मागता येईल, परंतु आज आहे ती वायरिंग हाच आपला मुख्य पुरावा असल्याने, ती उपसण्यापूर्वी तिची रीतसर नोंद झाली पाहिजे.

आपला प्रकल्प महारेराकडे (महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे) नोंदणीकृत असेल, तर स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 च्या कलम 14(3) नुसार ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांच्या तरतुदीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास, तो 30 दिवसांत कोणतेही जादा शुल्क न घेता दूर करणे प्रवर्तकावर (म्हणजे बिल्डरवर) बंधनकारक आहे, आणि त्याने तसे न केल्यास आपण भरपाईस पात्र ठरता. एक वर्षाची हमी पंखा, गीझर अशा वस्तूंच्या उत्पादकाची असू शकते. भिंतीत गाडलेल्या वायरिंगबाबत करारातील असे कलम कायद्याने दिलेली मुदत कमी करू शकत नाही. एसीसाठी म्हणून पॉइंट द्यायचा आणि तिथे एसी लावला म्हणून ग्राहकालाच बोल लावायचा, हा बचाव फारसा टिकेल असे मला वाटत नाही.

बिल्डरचा खरा बचाव वेगळाच असेल : ‘फ्लॅटधारकाने परस्पर फेरफार केले.’ त्यामुळे एमसीबी (जादा प्रवाह होताच सर्किट आपोआप बंद करणारा स्विच) वारंवार पडतो म्हणून कोणी 16 अँपिअरच्या जागी 32 चा बसवून देत असेल, तर ते मुळीच करू देऊ नका. वायर तापत राहील आणि एमसीबी पडणार नाही, म्हणजे आगीचा धोका वाढेल. शिवाय दोष आपल्याच माथी मारायला बिल्डरला आयते निमित्त मिळेल.

आपल्या वायरमनचे तोंडी मत पुरेसे नाही. शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून परवाना क्रमांकासह लेखी अहवाल घ्या. त्यात अर्थिंगची सलगता (ती वायर कुठेही न तुटता जमिनीपर्यंत जोडलेली आहे का), मेगरची चाचणी (वायरच्या आवरणातून वीज गळते का, याची तपासणी), प्रत्येक सर्किटच्या वायरची जाडी, एमसीबीची क्षमता आणि डीबीमध्ये (घराच्या मुख्य वितरण पेटीत) 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे की नाही, हे सर्व यावे. तपासणीची तारीख बिल्डरला आधी लेखी कळवून हजर राहण्यास सांगा. तो आला नाही, तरी बोलावल्याची नोंद आपल्या उपयोगी पडेल.

त्यानंतर अहवाल, छायाचित्रे व करारातील यादीची प्रत जोडून पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. मात्र 30 दिवस झिणझिण्या सोसत बसण्याची सक्ती कायदा करत नाही. गीझर व एसीची सर्किटे आजच बंद करा आणि तपासणी होताच अर्थिंग जोडून घ्या. करार अधिनियमाच्या कलम 73 च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी आपल्या हाती असलेले उपाय विचारात घेतले जातात, त्यामुळे तातडीची दुरुस्ती आपल्या विरोधात जाऊ नये. काढलेल्या वायरचे तुकडे व बिले मात्र जपून ठेवा.

मुदतीत दुरुस्ती न झाल्यास महारेराकडे तक्रार करता येते. भरपाईची रक्कम तेथील न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. तेथे वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. एकाच मागणीसाठी दोन्हीकडे जाऊ नये. शेजाऱ्यांचेही बोर्ड उघडून पाहायला सांगा, कारण हिरवी वायर सर्वत्र अशीच दुमडलेली आढळली, तर सोसायटीमार्फत एकत्रित तक्रार करणे अधिक श्रेयस्कर ठरेल.