वाचक विचारतात : कापायचं नाही, सोलायचं

प्रश्न : सौर पॅनेलमधला सिलिकॉनचा वेफर, म्हणजे पातळ चकती, दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असतो. प्रकाश शोषायला तीस-चाळीस मायक्रॉनही पुरतात म्हणे. मग तेवढाच पातळ का कापत नाहीत? किंवा सरळ काचेवरच थर का देत नाहीत?

उत्तर : पुरतात, पण पृष्ठभाग खडबडीत आणि मागे आरसा असेल तरच. कापायचं म्हणाल तर वेफर कितीही पातळ करा, कापणाऱ्या तारेखाली भुसा व्हायचा तेवढा होतोच. शिवाय इतका पातळ वेफर हाताळतानाच तुटतो.

काचेचं दुखणं उष्णतेचं. सिलिकॉन वितळतं 1414 अंशांना, काच त्याच्या कितीतरी आधी मऊ पडते. म्हणून सिलिकॉनचा अस्फटिकी (अणूंची नीट रचना नसलेला) थर देऊन तो 600 अंशांच्या आसपास तासन् तास भाजतात. स्फटिक होतात, पण बारीक, आणि त्यांच्या सांध्यांवर इलेक्ट्रॉन वाया जातात. सीएसजी सोलर या कंपनीने 2007 मध्ये दोन मायक्रॉनहून पातळ थरातून 10.5 टक्के कार्यक्षमता काढली. पुढे लेसरने थर वितळवून स्फटिक मोठे केले गेले, तेव्हा आकडा सुधारला.

तिसरा मार्ग सोलण्याचा : वेफरवर सच्छिद्र थर करून त्यावर नवा पातळ थर वाढवायचा आणि तो सोलून काढायचा. माझी काही वर्षं गेली ती या सच्छिद्र थरावर, त्यामुळे माझा कल तिकडेच. वेफर हायड्रोफ्लोरिक आम्लात ठेवून वीज सोडायची : आधी कमी, मग जास्त. वर बारीक छिद्रांचा थर होतो, त्याखाली जास्त पोकळ थर. आम्लात इथेनॉल हवंच, नाहीतर हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून बसतात आणि तेवढी जागा कोरी राहते. बाहेर काढलेला वेफर तेलाच्या तवंगासारखा रंगीत दिसतो. कडेचा रंग वेगळा दिसला की समजायचं, प्रवाह सारखा पोचलेला नाही.

मग हायड्रोजनमध्ये 1100 अंश. वरची छिद्रं आपोआप बुजतात, खाली नुसते खांब उरतात. आता ट्रायक्लोरोसिलेन हा सिलिकॉन असलेला वायू सोडला की नवा थर खालच्या स्फटिकाचा कित्ता गिरवत वाढतो. तो काचेला चिकटवून ओढायचा. खांब मोडतात, थर सुटतो आणि वेफर साफ करून पुन्हा वापरता येतो. हे ऐकायला सोपं. खांब जाड राहिले तर ओढून ओढून थर फाटतो. बारीक झाले तर भट्टीतच सुटतो; एकदा मी झाकण उघडलं तर आत चुराच. सोलेक्सेल या कंपनीने मात्र 2014 मध्ये अशाच 35 मायक्रॉनच्या थरातून 21.2 टक्के कार्यक्षमता मिळवली.

भुसा वाचला म्हणावं, तर वायूतलं बरंच सिलिकॉन भट्टीच्या भिंतींवर जमतं. ते खरवडायचं काम आमच्याकडे पाळीपाळीने असे.