दोरी फरशीपर्यंत हवी

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. गेल्या वर्षी डाव्या अंगावरून वारं गेलं. काठी घेऊन चालतात, पण बाथरूममध्ये कुणाला येऊ देत नाहीत. महिन्यापूर्वी आत पडले. बिनतारी बेलचं बटण गीझरच्या स्विचशेजारी होतं, हात पोचला नाही. भाचा आयटीआयचा इलेक्ट्रिशियन आहे. त्याला काय बनवायला सांगू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, हाच गाढवपणा मीही केलाय. कारखान्यात तीस वर्षं पॅनेल वायरिंग केलं आणि आईसाठी बेल लावली ती चार फुटांवर, म्हणजे माझ्या हाताला सोयीची. आई पडली तेव्हा तिनं तांब्यानं बादली बडवली, म्हणून कळलं.

मग दोरी लावली. ब्रिटनमध्ये अपंगांच्या स्वच्छतागृहांत लाल दोरी असते, तिला दोन कडी : एक बसलेल्या माणसाच्या हाताशी, ८० ते १०० सेंटिमीटरवर, आणि दुसरं फरशीपासून फक्त १० सेंटिमीटरवर. मी आईच्याच प्लास्टिकच्या बांगड्या अडकवल्या.

दुकानात छताला लावायचा दोरीचा स्विच मिळतो, तो मुळीच घेऊ नका. पहिल्या ओढीला चालू, दुसऱ्या ओढीला बंद! घाबरलेला माणूस काय एकदाच ओढून थांबतो?

भाच्याला म्हणावं, पाण्याच्या मोटारीचा स्टार्टर आठव. हिरवं बटण दाबलं की कॉन्टॅक्टर, म्हणजे आतला विजेवर ओढला जाणारा स्विच, स्वतःला धरून ठेवतो, लाल दाबलं की सोडतो. इथं लाल बटणाचं काम दोरीनं करायचं. १२ व्होल्टचा रिले, म्हणजे तसाच पण लहान स्विच, करंट देऊन कायम ओढलेला ठेवायचा. दोरीला हिसका बसला की तो सुटतो आणि बझर वाजतो. आत जाऊन कुणी हिरवं बटण दाबेपर्यंत वाजतच राहतो. उंदरानं वायर कुरतडली तरी वाजणार, म्हणजे बिघाड लपून राहत नाही. असा लहान रिले ३० मिलीअँपिअरच्या आसपास करंट खातो, त्यामुळे यूपीएसमधली ७ अँपिअर-अवरची बॅटरी लाइट गेल्यावरही दोन-चार दिवस सहज काढते. बॅटरी, चार्जर, बझर सगळं बाहेर. दोरीच्या स्विचपर्यंत २३० व्होल्ट न्यायचे नाहीत.

दाराची आतली कडी काढून टाका. दार आत उघडत असेल तर तेही बाहेर उघडेल असं करून घ्या, नाहीतर पडलेल्या माणसाच्या अंगानंच ते अडतं.

आमची आई दोरी ओढायचीच नाही. म्हणे, "उगाच कशाला गलका!" शेवटी ठरवलं, अंघोळ उरकली की दोरी ओढायची, मग मी चहा टाकणार. संकोच गेला आणि बेल रोज तपासली जाऊ लागली, हे मला नंतर सुचलं.

दोरीची जागा उभं राहून ठरवू नका. वडील पडले तर डावं अंगच खाली येण्याचा संभव जास्त. तेव्हा भाच्याला बाथरूममध्ये डाव्या कुशीवर आडवं करा, आधी कमोडपाशी, मग अंघोळीच्या जागी. उजवा हात पोचेल तिथं खडूनं खूण करा. दोन दोऱ्या लागतील, लागू देत.

आणि कामवाल्या मावशींना सांगून ठेवा. फरशी पुसताना आमच्या मावशींनी दोरी नीट गुंडाळून वर नळाला बांधली होती. आठवडाभर कुणाच्या लक्षात आलं नाही.