संवादसाधने घडवायची असतील, तर जीवशास्त्र आताच सोडू नये

प्रश्न : मी अकरावी विज्ञान शाखेत आहे, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले आहे. माझा नऊ वर्षांचा भाऊ स्वमग्न असून तो बोलत नाही, टॅबलेटवरच्या चित्रांवर बोट ठेवून हवे ते मागतो. अशी ॲप तयार करण्यासाठी मला संगणक अभियंता व्हायचे आहे. बाबा म्हणतात, मग जीवशास्त्र सोडून दे. काय करू? — एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : तुझ्या बाबांचा हिशेब समजण्यासारखा आहे, तरीही बारावीपर्यंत जीवशास्त्र सोडू नकोस, असे मी सांगेन. ज्या साधनांविषयी तू लिहितेस, त्यांतला अवघड भाग संगणकाचा नसून भाषेचा आहे. ‘मी’, ‘घर’ आणि ‘जाणे’ ही तीन चित्रे भावाने ओळीने दाबली, तर यंत्राने ‘मला घरी जायचे आहे’ असे म्हणायला हवे. म्हणजे ‘मी’चे ‘मला’ आणि ‘घर’चे ‘घरी’ कधी होते, हे त्याला कोणीतरी शिकवलेले असले पाहिजे. शिवाय मराठीत मुलगा ‘जातो’ म्हणतो आणि मुलगी ‘जाते’, तेव्हा बोलणारे कोण आहे हेही यंत्राला ठाऊक हवे. दुसरी अडचण शब्दांच्या निवडीची आहे. फळे, प्राणी आणि रंग यांची चित्रे भरपूर, पण ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’ हे शब्द मात्र तीन पाने उलटल्यावर सापडतात, अशी मांडणी मुलाला मागायला शिकवते, नकार द्यायला शिकवत नाही. (मला विचाराल तर ‘नको’ पहिल्याच पानावर असावे.)

कोणता शब्द कोणत्या मुलाला कधी द्यायचा, हे वाचा-उपचारतज्ज्ञ ठरवतात. त्यासाठीचा बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-भाषा विकारशास्त्र) हा पदवी अभ्यासक्रम आंतरवासितेसह चार वर्षांचा असून, त्यानंतर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत आणि नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात तो शिकवला जातो. प्रवेशाच्या अटी संस्थेनुसार बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहावी; मात्र जीवशास्त्र हाताशी असले, तर हा मार्ग तुझ्यासाठी खुला राहतो.

अभियांत्रिकीचा मार्गही चुकीचा नाही. चित्रांवरून बोलणारे ‘आवाज’ हे ॲप चेन्नईत अजित नारायणन या अभियंत्याने घडवले, तर तसेच, मराठीतही उपलब्ध असलेले ‘जेलो’ आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागातून आले. म्हणजे डिझाइन हा तिसरा मार्गही आहे, आणि त्याच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेशपरीक्षा असते.

निर्णयाआधी एक काम कर. महिनाभर एका वहीत लिहून ठेव की, टॅबलेट हाती नसताना भाऊ काय सांगू पाहतो, कशाने सांगतो, आणि घरातल्यांना ते केव्हा कळत नाही. त्यानंतर तुझे मन त्याच्या न कळलेल्या बोलण्याचा अर्थ लावण्यात अधिक रमले, तर वाचा-उपचाराकडे वळ. ‘हे बटण इथे का नाही?’ हाच प्रश्न सतत सतावत राहिला, तर अभियांत्रिकी किंवा डिझाइनकडे जा. आणि हो, यंत्राची सवय लागली तर तो कधीच बोलणार नाही, अशी भीती घरात कोणी घातली, तर आजवरच्या संशोधनात तिला आधार मिळालेला नाही, हे बाबांनाही सांग.