बुद्ध्यांक १३४ आणि नीटचं तिसरं वर्ष

प्रश्न : माझ्या मुलीला दहावीला ९६ टक्के होते. नववीत केलेल्या चाचणीत तिचा बुद्ध्यांक १३४ आला होता. लातूरला ठेवून नीटची तयारी करून घेतली. पहिल्या वेळी ४३१ आले, रिपीटर बॅचनंतर ४७८. क्लास, हॉस्टेल, मेस धरून पाच लाखांच्या वर खर्च झाला. आणखी एक वर्ष दिलं तर ६२० नक्की येतील. पण ती म्हणते, बी.ए.ला मानसशास्त्र घ्यायचं. गेल्या वर्षी माझ्या बहिणीचा मुलगा तिसऱ्यांदा बसायचं म्हणत होता, तेव्हा मीच त्याला ‘आता पुरे’ म्हणालो. त्याची तेवढी कुवत नव्हती. हिची आहे. हल्ली ती रात्रभर जागी असते, जेवायला उठत नाही, सारखा मोबाइल. एवढ्या हुशार मुलीला साधा व्यवहार का कळत नाही? तिला समजावून सांगाल का?
– एक पालक, जि. नांदेड

उत्तर : रात्रभर जागी असते, जेवायला उठत नाही. हे तुम्ही हट्टीपणाची तक्रार म्हणून लिहिलं आहे. मला संपूर्ण पत्रात सगळ्यात जास्त काळजी याच ओळीची वाटली. दोन वर्षं मान मोडून अभ्यास केलेल्या मुलीची झोप आणि भूक एकदम उडते, तेव्हा तिला समजवायचं नसतं, डॉक्टरांना दाखवायचं असतं. हे कधीपासून चाललंय, ते तिच्याजवळ बसून विचारा. दोन आठवडे उलटले असतील तर याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या. ‘जगून काय करू’ असं काही ती बोलली असेल, तर एक दिवसही थांबू नका आणि तिला एकटं ठेवू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं, पैसे पडत नाहीत. तिला नीट झोप लागेपर्यंत फॉर्म, क्लास, मार्क हे विषय घरात काढू नका. तुमच्या बहिणीकडेही नाही, कारण ते फिरून तिच्या कानावर येतंच.

आता व्यवहाराचं. तुमच्या घरात एक निर्णय चुकतो आहे हे खरं, पण तो मुलीचा नाही.

बुद्ध्यांक जास्त असला की माणूस निर्णयही शहाणपणाने घेतो, हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये बुद्धिमत्तेची पहिली चाचणी तयार केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत देता यावी म्हणून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली. बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. शब्दसंग्रह, स्मरण, आकृतिबंध ओळखणं, तर्काची कोडी सोडवणं हे अशा चाचण्यांत मोजलं जातं, आणि तेही पाच-सहा गुण इकडेतिकडे होतील असं धरूनच. ध्येय आपलं की दुसऱ्याचं हे तपासणं, विरुद्ध पुरावा समोर आल्यावर मत बदलणं, कुठे थांबायचं ते ठरवणं, यांतलं काहीच त्या १३४ मध्ये मोजलेलं नाही. टोरोंटो विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी अनेक वर्षं हाच फरक अभ्यासला. त्यांनी आणि रिचर्ड वेस्ट यांनी अमेरिकी विद्यार्थ्यांना विचारलं, की अपघातात समोरच्या गाडीतल्या माणसांना आठपट धोकादायक ठरणाऱ्या एका जर्मन गाडीवर अमेरिकेने बंदी घालावी का? ७८ टक्के ‘हो’ म्हणाले. दुसऱ्या गटाला तितक्याच धोकादायक अमेरिकी गाडीवर जर्मनीने बंदी घालावी का असं विचारलं, तेव्हा ‘हो’ म्हणणारे ५१ टक्के निघाले. महत्त्वाचं पुढे आहे : आपल्या बाजूला झुकतं माप देण्याची ही सवय जास्त बुद्धिमान विद्यार्थ्यांमध्ये कमी आढळली नाही.

भाच्याला तुम्ही ‘आता पुरे’ म्हणालात. मुलीच्या वेळी तेच तिसरं वर्ष तुम्हाला योग्य वाटतं आणि त्यासाठी तुम्ही नववीतला एक आकडा पुढे करता. भाच्याचे मार्क एका कागदावर आणि मुलीचे दुसऱ्यावर, नावं न घालता, एखाद्या तिऱ्हाईत शिक्षकाला दाखवा आणि त्यांना विचारा.

मग ते पाच लाख. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची हंगामी (हंगामातल्या सगळ्या नाटकांची मिळून एकच) तिकिटं त्यांनी काहींना पूर्ण १५ डॉलरला दिली, काहींना २ तर काहींना ७ डॉलर सवलतीने. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. तरी हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे मोजलेले लोक जास्त नाटकांना आले. गेलेला पैसा माणसाला ओढत राहतो. तुमचे पाच लाख ती डॉक्टर झाली तरी परत येणार नाहीत आणि बी.ए. झाली तरी येणार नाहीत. म्हणून या निर्णयात त्यांना जागाच नाही. पुढच्या वर्षाचे पैसे आणि तिच्या वयाचं विसावं वर्ष अजून हातात आहे, निर्णय फक्त त्यांच्याबद्दल घ्यायचा आहे. हा हिशेब तुम्ही तिला बोलून दाखवत असाल, तर कृपा करून आजपासून थांबवा. आईवडिलांच्या पाच लाखांचं ओझं घेऊन पेपरला बसलेलं मूल प्रश्न नीट वाचू शकत नाही.

‘६२० नक्की’ हेही कुठून आलं? एका वर्षाच्या रिपीटर बॅचने ४७ गुण वाढले. पुढच्या एका वर्षात १४२ वाढतील असं तुम्ही धरलं आहे. असा अंदाज सगळेच करतात. १९९४ च्या एका अभ्यासात मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध सरासरी ३४ दिवसांत संपेल असं सांगितलं होतं. सगळं बिनसलं तरी ४९ दिवस, असंही तेच म्हणाले होते. प्रत्यक्षात लागले ५५. स्वतःच्या योजनेकडे आतून पाहिलं की अडचणी दिसत नाहीत, म्हणून बाहेरचा आकडा लागतो. क्लासच्या ऑफिसात जाऊन विचारा : गेल्या वर्षी ४७० ते ४९० गुणांवर किती जण रिपीटर बॅचला बसले आणि त्यांतले किती ६००च्या पुढे गेले? फ्लेक्सवरचे फोटो उत्तर म्हणून घेऊ नका. फ्लेक्सवर फक्त निवड झालेली मुलं असतात. आकडा द्यायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा.

नीटला किती वेळा बसावं यावर आज मर्यादा नाही, आणि कट-ऑफ दर वर्षी हलतो. तो राज्याच्या सीईटी सेलच्या (प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या कक्षाच्या) यादीत आपल्या प्रवर्गाचा पाहा. मर्यादा नसल्यामुळेच थांबण्याची रेघ घरात आखावी लागते. तब्येत सुधारल्यावर तिने स्वतःहून ‘मला पुन्हा बसायचंय’ म्हटलं, तरच पुढचं करा. ४७८च्या पेपरातले चुकलेले आणि सोडलेले प्रश्न उत्तरतालिका घेऊन तीन ढिगांत लावा : शिकलेलंच नव्हतं, येत होतं पण घाईत चुकलं, अंदाजाने ठोकलं. पहिला ढीग मोठा असेल तर वेळ दिल्याने फरक पडू शकतो. दुसरा मोठा असेल तर तोच क्लास तिसऱ्यांदा लावून काही होणार नाही. मग तिने, तुम्ही आणि तिच्या आईने एकमेकांशी न बोलता वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं : किती गुण येतील, आणि आले नाहीत तर कशामुळे. कागद एकदम उघडा आणि तिचा आधी वाचा. वडिलांनी आकडा आधी उच्चारला की घरातले बाकीचे त्याच्याच आसपास फिरतात. डिसेंबरअखेर १८० प्रश्नांचे, १८० मिनिटांचे तीन पूर्ण पेपर घ्या. त्यांची सरासरी किती आली नाही तर थांबायचं, तो आकडा आजच लिहून तिघांनी सह्या करा. डिसेंबरात ठरवायला बसलात तर पुन्हा ‘आता एवढं केलंच आहे’ सुरू होईल.

आणि तिला बसायचंच नसेल, तर विषय संपला. तिला समजवायचं काम मी घेणार नाही.

मानसशास्त्राबद्दल तिलाही स्पष्ट सांगायला हवं. गणित सुटलं म्हणून कुणी इकडे येऊ नये. वर लिहिलेला प्रत्येक प्रयोग संख्याशास्त्रावर उभा आहे आणि पदवीपासूनच ते शिकावं लागतं. नुसत्या बी.ए.वर समुपदेशकाची चांगली नोकरी मिळणं अवघड, एम.ए. धरून पाच वर्षांची तयारी ठेवा. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि तिथली नोंदणी लागते. या अभ्यासक्रमांची रचना सध्या बदलते आहे, म्हणून संस्थेच्या माहितीपत्रकावर न जाता परिषदेच्या संकेतस्थळावर यादी तपासा. माणूस निर्णय कसा घेतो यातच रस असेल, तर अलाहाबाद विद्यापीठासारख्या ठिकाणी आकलनशास्त्रात (कॉग्निटिव्ह सायन्स) पदव्युत्तर शिक्षण आहे. बारावी सायन्सवरून बी.ए.ला प्रवेश मिळतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते.

आवड खरी आहे का हे पाहायला फार खर्च नाही. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. बारावीच्या पुस्तकातलं पहिलंच प्रकरण बुद्धिमत्ता आणि ती मोजण्याबद्दल आहे. बरं वाटू लागल्यावर ते तिने वाचावं, आणि तुम्हीही.